कचऱ्याचा वार

‘सायलेंट नाइट, डेडली नाइट पार्ट टू’ हा १९८७चा अमेरिकी चित्रपट. पहिल्या भागात सांताक्लॉजच्या वेशात खून करत सुटलेल्या बिली नावाच्या तरुणाची गोष्ट होती; दुसऱ्यात त्याचा धाकटा भाऊ रिकी घराण्याचा वारसा पुढे चालवतो. चालवतो म्हणजे, आधी मनोरुग्णालयात एका डॉक्टरसमोर बसून भावाची हकिगत सांगतो. ही हकिगत म्हणजे पहिल्या चित्रपटातून कापून आणलेली दृश्यं. ८८ मिनिटांतली जवळपास चाळीस मिनिटं अशी जुनीच आहेत. २०१८मध्ये स्क्रीम फॅक्टरी या कंपनीने या चित्रपटाचं नव्याने स्कॅनिंग करून ब्लू-रे काढलं, आणि ते विकत घेणारे लोकही निघाले.

त्यांतला एकजण अंधेरीच्या एका स्टुडिओत जुन्या चित्रपटांची डिजिटल साफसफाई करतो. त्याची मावशी पुण्यात प्रभात रोडला राहते. कॉलेजात शिकवून निवृत्त झाली आहे, आणि फिल्म सोसायटीच्या खेळाला दिवे मालवल्यावर आत शिरणाऱ्यांना अजूनही मोठ्याने हटकते. दोघांनी हा चित्रपट एकत्र पाहिला. त्यानंतर जे झालं ते शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत उतरवलं आहे. मधेमधे मी तोंड घातलंय. तेवढा हक्क लिहिणाऱ्याने घ्यावा.

मावशी : तू हे पैसे देऊन मागवलंस?

भाचा : हो. वर कस्टम ड्यूटीही भरली.

मावशी : आणि निम्मा वेळ मला पहिलाच भाग दाखवलास. अरे, फोडणीची पोळी करायची तर पोळी निदान कालची असावी. ही तीन वर्षांपूर्वीची.

भाचा : ते ठरवूनच झालं, मावशी. ली हॅरी हा दिग्दर्शक मूळचा संकलक. निर्मात्यांचं म्हणणं होतं, पहिलाच चित्रपट नव्याने कापून-जोडून दे, तोच दुसरा म्हणून विकू. नवं चित्रण करायचंच नव्हतं त्यांना. यानेच गळ घातली, थोडं तरी नवं करू द्या म्हणून. त्यामुळे नवं म्हणून जेवढं बघितलंस तेवढं त्याने मागून मिळवलेलं आहे.

मावशी : आणि मिळवून केलं काय? एकाला छत्री खुपसली, एकाला गाडीच्या बॅटरीचा शॉक दिला, आणि तो बिचारा कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला आलेला माणूस—

भाचा : ‘गार्बेज डे!’

मावशी : —त्याला ‘आज कचऱ्याचा दिवस’ असं ओरडून गोळी घातली. त्या माणसाचा गुन्हा काय? सोसायटीचे नियम पाळतो, एवढाच.

भाचा : बघ, तुला प्रसंग लक्षात राहिला. सगळ्या जगाला राहिलाय. यूट्यूब आलं आणि हा तुकडा घरोघरी पोचला. ज्यांनी चित्रपट बघितलेला नाही त्यांनाही तो पाठ आहे.

मावशी : लोक हसायला बघतात.

भाचा : हसायला बघतात, हे कबूल.

इथे पहिल्या भागाचं प्रकरण सांगायला हवं, त्याशिवाय दुसऱ्याची गरिबी कळत नाही. १९७८मध्ये ‘हॅलोवीन’ अगदी थोड्या पैशांत निघाला आणि प्रचंड चालला. १९८०मध्ये ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ने तेच करून दाखवलं. मग कॅलेंडरवरचा एकेक सण धरून खुनी बेतायचा धंदाच सुरू झाला. नाताळ राहिला होता असं नाही, पण तो मोठ्या वितरकाने घेतला ९ नोव्हेंबर १९८४ला. ट्रायस्टारचा हा चित्रपट आणि वेस क्रेव्हनचा ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ एकाच दिवशी लागले, आणि पहिल्या आठवडाअखेरीस कमाईत सांता पुढे होता. पण कुऱ्हाड घेतलेल्या सांताची जाहिरात टीव्हीवर पोरांच्या डोळ्यांसमोर आली आणि आईबाप चित्रगृहांबाहेर निदर्शनं करू लागले. समीक्षक जीन सिस्केल यांनी तर टीव्हीवर निर्माते-दिग्दर्शकांची नावं वाचून, लाज वाटू द्या, असं सुनावलं. थोड्याच दिवसांत वितरकाने चित्रपट मागे घेतला. गंमत अशी की दिग्दर्शक चार्ल्स सेलिअर हे ‘ग्रिझली अ‍ॅडम्स’सारख्या घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायच्या करमणुकीसाठी ओळखले जात. मिकी रूनी या ज्येष्ठ नटाने पत्र लिहून निषेध केला होता. पुढे १९९१मध्ये याच मालिकेच्या पाचव्या भागात तो स्वतःच काम करताना दिसला. (या धंद्यात निषेधाला आणि मानधनाला एकमेकांचं वावडं नसतं.)

म्हणजे दुसऱ्या भागाच्या निर्मात्यांच्या हातात काय होतं? ज्याचं नाव सगळ्यांनी ऐकलंय पण जो फार थोड्यांनी बघितलाय असा चित्रपट. त्याचंच मांस नव्या भांड्यात वाढलं तर कोण ओळखणार, हा हिशेब अगदीच मूर्खाचा नव्हता.

मावशी : मला एक सांग. आईबापांचा खून होतो तेव्हा हा रिकी तान्हा असतो. गाडीतच. मग त्याला ते सगळं इतकं तपशीलवार आठवतं कसं? त्याच्या पश्चात, त्याच्या गैरहजेरीत झालेले खूनही तो डॉक्टरला सांगतो.

भाचा : नाही आठवू शकत. डॉक्टरही विचारत नाही.

मावशी : आणि तो मैत्रिणीला घेऊन सिनेमाला जातो तेव्हा पडद्यावर काय चाललंय, तर पहिला भाग. त्याचा भाऊ. म्हणजे याच्या जगात ती घडलेली घटना आहे की सिनेमा आहे?

भाचा : दोन्ही.

मावशी : दोन्ही कसं असेल?

भाचा : हाच तर प्रश्न आहे! दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर तू त्यावर सोसायटीच्या अंकात तीन पानं लिहिली असतीस. स्मृती आणि चित्रपट यांच्यातली सीमारेषा वगैरे.

मावशी : ठरवून केलं असतं तर लिहिली असती. इथे पैसे नाहीत म्हणून जे फुटेज हाताशी होतं तेच थिएटरच्या पडद्यावर लावलं. अपघाताला मी शैली म्हणत नाही.

भाचा : मी शैली म्हणतच नाहीये. मी म्हणतो, पैसे नसलेला माणूस काय काय करतो याचा हा पुरावा आहे. तो पुरावा नीट दिसायला हवा. आता बघ.

त्याने पहिल्या भागाचीही डिस्क आणली होती. तिचं स्कॅनिंग २०१७मध्ये मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून, फोर-केमध्ये झालेलं. दुसऱ्या भागाचं मात्र चित्रगृहात चालवण्यासाठी काढलेल्या एका प्रतीवरून, टू-केमध्ये, कारण हाती तेवढंच होतं. दोन लॅपटॉप शेजारी ठेवून त्याने एकच दृश्य दोन्हीकडे थांबवलं : रात्रीचा रस्ता, बंद पडलेली गाडी, लाल कपड्यातला माणूस. डावीकडच्या चित्रात कोटाच्या लाल रंगात घड्या दिसत होत्या, मागच्या अंधारात झाडं होती. उजवीकडे तोच माणूस, पण लाल रंग एकसंध, जड. अंधार नुसता काळा.

भाचा : निगेटिव्हवरून आधी इंटरपॉझिटिव्ह निघतं, त्यावरून इंटरनिगेटिव्ह, आणि त्यावरून प्रिंट. दर पायरीला थोडा तपशील गळतो आणि काळं-पांढरं जास्त कडक होतं. शिवाय प्रिंट मशीनमधून फिरलेली, ओरखडे पडलेली. म्हणजे एकाच चित्रणाच्या दोन आयुष्यांकडे तू बघते आहेस. एक जपून ठेवलेलं, एक धंद्यावर पाठवलेलं.

मावशी : मग हे काळे काळे कण का ठेवलेत? एवढी साफसफाई करता ना तुम्ही?

भाचा : कचरा वेगळा आणि ग्रेन वेगळा. धूळ, केस, ओरखडा हे फिल्मवर नंतर बसलेलं. ग्रेन म्हणजे चित्रच; तो काढलास तर माणसाची कातडी मेणाची दिसते. ‘प्रेडेटर’ची २०१० सालची ब्लू-रे बघ. इतकं घासलंय की जंगलात पुतळे फिरताहेत असं वाटतं. मला रोज हेच करावं लागतं, मावशी. काय पुसायचं आणि कशाला हात लावायचा नाही. ८८ मिनिटं म्हणजे १,२६,७२० चौकटी. सॉफ्टवेअर पाऊस पडत असेल तर तोही धूळ समजून पुसतं. मग आम्ही बसून पाऊस परत घालतो.

मावशी : रीळ संपताना कोपऱ्यात वर गोल ठिपका यायचा, तो?

भाचा : ऑपरेटरला दुसरं मशीन सुरू करायची खूण. कुणी ठेवतं, कुणी काढतं. मी असेन तर ठेवीन.

मावशी : का? तोही नंतर बसलेलाच की.

भाचा : (थांबून) हं. तो प्रिंटचा भाग आहे.

मावशी : ओरखडाही प्रिंटचाच भाग आहे. तुझा नियम तुझ्या आवडीपर्यंतच पोचतो.

हा मुद्दा मावशींनी बिनतोड काढला, आणि भाच्याने विषय बदलला. अर्थात बदललेला विषयही कमी मजेदार नव्हता. पहिल्या भागाच्या डिस्कवर एक न कापलेली आवृत्ती आहे. सेन्सॉरसाठी काढून टाकलेल्या तुकड्यांचं चांगलं फिल्म-साहित्य मिळालं नाही, म्हणून ते तुकडे जुन्या, कमी दर्जाच्या व्हिडिओवरून घेऊन जागच्या जागी बसवले आहेत. परिणाम असा : प्रसंग स्वच्छ चालला आहे, आणि कुऱ्हाड वर उचलली की चित्र अचानक पुसट होतं. दोन सेकंदांनी पुन्हा स्वच्छ. कात्री नेमकी कुठून कुठे फिरली ते आज उघड्या डोळ्यांनी दिसतं. सेन्सॉरशिपवर मी बरेच लेख वाचले आहेत; एकानेही हे इतकं साफ दाखवलेलं नाही. जीर्णोद्धार अपुरा राहिला म्हणून हे दिसतं, हे विशेष. उद्या कुणाला ते तुकडे चांगल्या स्थितीत सापडले तर ही खूण जाईल.

मावशी : चल, मानलं. दोन सेकंदांचा इतिहास मिळाला. पण त्यासाठी अख्खा चित्रपट? तुला लिंडग्रेन माहीत आहे?

भाचा : अर्नेस्ट लिंडग्रेन. ब्रिटिशांच्या फिल्म लायब्ररीचा.

मावशी : १९३५पासून. त्याचं म्हणणं सरळ होतं. तिजोरी मर्यादित, पैसा मर्यादित, तेव्हा जाणकारांची समिती बसवा, निवडा, आणि निवडलेलं नीट सांभाळा. मूळ प्रत मशीनवर चढवायचीही नाही. पॅरिसमध्ये तुझा तो लांग्ल्वा—

भाचा : हेन्री लांग्ल्वा. जे मिळेल ते आणा, आणि लोकांना दाखवा!

मावशी : आणा, न्हाणीघरात रचून ठेवा, यादी करू नका, आणि १९५९मध्ये आग लागली की रडा. निवड केली नाहीस तरी निवड होतेच, बाळा. आग करते, बुरशी करते, भंगारवाला करतो. त्यापेक्षा शिकलेल्या माणसाने केलेली काय वाईट?

भाचा : पुण्यात बसून तू हे बोलतेस? नायरसाहेबांच्या गावात?

मावशी : नायरांना मधे आणू नकोस.

भाचा : आणणारच. इथली फिल्म अर्काइव्ह उभी करणारे पी. के. नायर नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडे गेले आणि जे होतं ते घेऊन आले. तुकडे, विस्कटलेली रिळं. ‘कालिया मर्दन’ त्यातूनच जुळवला गेला. १९१९मध्ये तुझ्या समितीपुढे फाळक्यांची ती पाण्यातली सापाची करामत ठेवली असती, तर तिने काय शेरा मारला असता? ‘गल्लाभरू चमत्कृती’.

मावशी : फाळके आणि हा छत्रीवाला एका तागडीत घालतोस?

भाचा : त्यांची किंमत नाही तोलत. किंमत कधी कळते, एवढंच विचारतोय.

मावशी : ही लॉटरीची भाषा झाली. एकाला लागली म्हणून सगळ्यांनी सगळी तिकिटं घ्यायची.

(दोघांचंही बरोबर आहे असं लिहून मी सुटू शकतो, पण ते खरं नाही. ठेवण्याच्या बाबतीत मी भाच्याकडे आहे. निवड समितीत बसलेली माणसं कोणत्या चित्रपटांना हसत होती हे मला आठवतं. त्यांतले काही आज अभ्यासक्रमात आहेत. पण ‘ठेवणं’ ही एक गोष्ट आणि ‘पुन्हा उजळणं’ ही दुसरी. दुसरीला पैसा लागतो, आणि पैसा कुणाचा हा प्रश्न मावशींनी लगेचच काढला.)

मावशी : २००३च्या जानेवारीत इथे, या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली. फिल्म अर्काइव्हचा नायट्रेट फिल्मचा साठा होता. जळाला. त्याआधी कितीतरी वर्षं लोक जुन्या प्रिंटा चांदी काढायला विकत होते. किलोवर. आपल्याकडे तेराशेहून जास्त मूकपट झाले, आणि शिल्लक तीसच्या आसपास, त्यांतलेही बरेच तुकड्यांत. ‘आलम आरा’ नाही. पहिला बोलपट, आणि नाही! आणि कॅलिफोर्नियात कुणीतरी टू-के करतंय कशाचं? ‘गार्बेज डे’चं.

भाचा : पण ते पैसे इकडे येणार नव्हते, मावशी. तो एका खासगी कंपनीचा धंदा आहे. डिस्क काढली, लोकांनी घेतली. अमेरिकेतसुद्धा मूकपट गेलेच की. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या अभ्यासात निघालं, मूळ स्वरूपात फक्त १४ टक्के उरलेत. तिथे श्रीमंतीने वाचवले नाहीत, इथे गरिबीने घालवले असं सरळ गणित नाही.

मावशी : मग सरळ गणित काय आहे?

भाचा : ज्याला गिऱ्हाईक आहे ते वाचतं. तिथे रक्तपाताच्या चित्रपटांना कट्टर गिऱ्हाईक आहे. व्हिनेगर सिंड्रोम नावाची कंपनी आहे. फिल्मला सडताना व्हिनेगरसारखा वास येतो, तेच नाव घेतलंय. तिची स्वतःची लॅब आहे. ऑस्टिनला अमेरिकन जॉनर फिल्म अर्काइव्ह आहे, ती ना-नफा आहे. आणि येल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०१५मध्ये सुमारे २,७०० व्हीएचएस कॅसेटी घेतल्या. बहुतेक भयपट आणि तसलेच.

मावशी : येलने?

भाचा : येलने.

मावशी : (चहाचा कप खाली ठेवत) त्यांच्याकडे जागा आहे.

भाचा : त्यांच्याकडे एक समजही आहे. या चित्रपटांना खरं घर व्हिडिओ लायब्ररीतच मिळालं. व्हीएचएसवर आडव्या जेमतेम २४० रेघांएवढा तपशील दिसायचा. अंधारातले खून अंदाजाने बघायचे. लोकांच्या डोक्यात हा चित्रपट तसाच आहे.

मावशी : मग हे स्वच्छ चित्र खोटं नाही का? कुणी कधी हे असं पाहिलंच नाही. तुझ्या त्या चाहत्यांनी पुसट बघितलं, आणि आता तुम्ही त्यांना त्यांच्या लहानपणात नसलेलं लहानपण विकताय.

भाचा : थिएटरमध्ये बघितलंय की काहींनी.

मावशी : किती जणांनी?

भाचा : थोड्यांनी. पण कॅमेऱ्यासमोर उभे राहिले त्यांनी तर हे असंच बघितलं. त्या उजेडात. ली हॅरीने मागून मिळवलेल्या त्या नव्या दृश्यांत रस्त्यावरचं ऊन बघ. सकाळचं आहे. रहिवासी वस्ती, हिरवळ, डबे ओळीने. खून भर उजेडात, कारण रात्रीच्या चित्रणाला दिवे लागतात आणि दिव्यांना पैसे. व्हीएचएसवर हे कळायचं नाही, सगळंच मातकट दिसायचं. आता कळतं, की ज्या प्रसंगाला सगळे हसतात त्याची विचित्र गंमत त्या उन्हात आहे. एवढ्या चांगल्या सकाळी कुणी कुणाला मारत नाही.

मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी रिमोट घेतला आणि तो प्रसंग पुन्हा लावला. एरिक फ्रीमन हा रिकीचं काम करणारा नट भुवया उडवत येतो, वाक्य फेकतो, गोळी झाडतो, आणि पुढे चालत राहतो. हसणं साफ वेडगळ. दुसऱ्यांदा बघताना मला जाणवलं की त्याला कुणी थांबवलेलं नाही. अंगात आलेल्या माणसाला मांडवातले लोक जसे वाट करून देतात तसा कॅमेरा त्याला जागा देतो आहे.

मावशी : याचं पुढे काय झालं?

भाचा : नाहीसा झाला. बरीच वर्षं पत्ता नाही. आपण एवढे प्रसिद्ध आहोत हे त्याला माहीत आहे की नाही, हेही कुणाला माहीत नव्हतं. चाहत्यांनी शोधून काढला. मग लोकांसमोर आला.

मावशी : म्हणजे सगळं जग त्याला हसत होतं आणि तो कुठेतरी नोकरी करत होता. हे तुझ्या जीर्णोद्धाराचं दुसरं टोक आहे, लक्षात घे. माणूस विसरला जाण्याचा हक्क गमावतो. वाईट काम केलं, चूक झाली, सोडून दिलं, एवढंही करता येत नाही त्याला. तुम्ही त्याची वाईट सकाळ टू-केमध्ये धुऊन परत लोकांपुढे ठेवता.

भाचा : क्लिप आधीच लोकांपुढे होती, आम्ही नाही ठेवली. तीही सगळ्यांत खराब प्रतीवरून. निदान पूर्ण चित्रपट नीट दिसला तर कळेल की तो एकटा वाईट नाही, सगळं वातावरणच तसं आहे. अनाथाश्रमातल्या मदर सुपीरिअरचं बघ. पहिल्या भागातली नटी आली नाही, तर दुसरीला घेतलं, चेहऱ्यावर व्रणांचा मेकअप चढवला, पक्षाघाताचं कारण दिलं, आणि घराला नंबर दिला ६६६.

मावशी : (हसत) तो नंबर मी बघितला.

भाचा : स्वच्छ होता म्हणून दिसला.

मावशी : तुला प्रत्येक गोष्टीत तुझं स्कॅनिंगच दिसतं. बरं, तुमच्या अंधेरीत रामसे बंधूंच्या भयपटांचं कुणी करतंय का? ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला जाऊन केला. सगळं कुटुंब आणि युनिट बसने नेलं, सरकारी गेस्ट हाऊसमध्ये राहिले, तिथेच चित्रण. १९७२. ही तुझ्या ली हॅरीपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि आपली आहे.

भाचा : त्यांचे काही चित्रपट परदेशातल्या मोंडो मकाब्रो नावाच्या लेबलने काढलेत.

मावशी : परदेशातल्या.

भाचा : हो.

मावशी : म्हणजे आपल्याकडची चेटकीण बघायची तर डिस्क साता समुद्रापलीकडून मागवायची.

भाचा : गिऱ्हाईक तिकडे आहे.

मावशी : हे वाक्य तू तिसऱ्यांदा म्हणालास. मग तुझा ‘सगळं ठेवा’ हा सिद्धांत कुठे गेला? सगळं नाही ठेवत तुम्ही. विकलं जाईल ते ठेवता. माझी समिती निदान तोंड दाखवून नकार देईल. बाजार नकारही देत नाही, नुसता फोन उचलत नाही.

भाच्याकडे यावर उत्तर नव्हतं असं मी लिहिलं तर त्याला राग येईल, म्हणून सांगतो : उत्तर होतं. त्याचं म्हणणं असं की बाजाराने वाचवलेला डबा निदान आहे. समितीने नाकारलेला डबा भंगारात जातो. पुढे कुणाला तरी तो हवा झालाच, तर पहिला मिळतो आणि दुसरा मिळत नाही. यावर मावशी म्हणाल्या, की गिऱ्हाईक नसलेला तिसरा डबा दोन्हीकडून जातो, आणि मराठीतले बहुतेक डबे त्या तिसऱ्या जातीचे आहेत. याला मात्र खरंच उत्तर आलं नाही. सरकारी योजना आहेत, फिल्म हेरिटेज फाउंडेशनसारखी संस्था आहे, तिने जीर्णोद्धार केलेला ‘मंथन’ २०२४मध्ये कानला दाखवला गेला. पण ही नावं घेऊन दोघांपैकी कुणाचंच समाधान झालं नाही. नावाजलेल्या चित्रपटाला दार उघडतं. प्रश्न बिननावाच्यांचा होता.

भाचा : बरं, समितीसाठी एक प्रकरण देतो. याच मालिकेचा तिसरा भाग, १९८९चा. रिकी कोमात आहे. डोक्यावर पारदर्शक घुमट, आत मेंदू दिसतो. एका आंधळ्या मुलीशी त्याचा मनाने संपर्क होतो. ठेवायचा?

मावशी : हे विचारायला समिती कशाला लागते? फुली.

भाचा : दिग्दर्शक माँटी हेलमन.

मावशी : कोण हेलमन?

भाचा : ‘टू-लेन ब्लॅकटॉप’वाला.

मावशी : काहीतरी सांगू नकोस. ‘टू-लेन ब्लॅकटॉप’ आम्ही सोसायटीत दाखवलाय. अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीत आहे तो.

भाचा : २०१२पासून. तोच माणूस. आणि त्यात लॉरा हॅरिंग आहे. पुढे डेव्हिड लिंचच्या ‘मलहॉलंड ड्राइव्ह’मध्ये होती ती. तुझी फुली पडली, बघ.

मावशी : हेलमनने पोटासाठी केला असेल.

भाचा : ली हॅरीनेही पोटासाठीच केला.

मावशी : त्यातही पहिल्या भागातलं कापून आणलंय का?

भाचा : थोडं आहे.

मावशी : थोडं म्हणजे कुठे? सुरुवातीला एकगठ्ठा, की मधेमधे?

भाचा : तू बघणार आहेस का?

मावशी : चित्रपट नाही बघायचा मला. तीच दृश्यं त्या संकलकाने कशी लावली ते आज कळलं. हेलमनने कुठे लावली आहेत तेवढं बघायचंय. डिस्क कधी आणतोस?